सनबोर्डची गोणी: इंदूरच्या एका गच्चीवरच्या लेझरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे कुटुंब इंदूरच्या रामबाग–नारायण बाग पट्ट्यातलं. होळकरांच्या चाकरीसाठी पूर्वज आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबरठा ओलांडला की हिंदी. नावं मुद्दाम देत नाही. घरातले मोठे ते अण्णा, त्यांची बायको म्हणजे काकू. मुलगा माझा शाळेपासूनचा मित्र, रात्रपाळीची नोकरी करतो, म्हणून या गोष्टीत तो बहुतेक वेळ झोपलेलाच आहे. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणतो, इथेही तसंच लिहितो.

अण्णा तरुणपणी एका कापड गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर पोलोग्राउंड आणि सांवेर रोडच्या कारखान्यांत मिळेल ते काम केलं. गिरणीचे थकलेले पैसे तीन दशकांनी हातात पडले. त्यातले थोडे काकूंच्या गुडघ्यासाठी बाजूला ठेवले आणि उरलेल्यातून जून २०२४मध्ये एक घरगुती लेझर कटर घेतला. लोकांनी नावं ठेवली. वहिनींचं गणित मात्र साधं होतं: त्या कॉम्प्युटरवर रांगोळ्यांचे आणि पाट्यांचे नमुने काढत, पण कापून घ्यायला बाहेर मोजावे लागणारे पैसे विक्रीतून निघत नसत. शिवाय अण्णांच्या ओळखीने प्लायवुडवाले, साइनबोर्डवाले, फर्निचरवाले उरलेले तुकडे जवळजवळ फुकट द्यायला तयार होते. इंदुरात त्याला अटाला म्हणतात. तुकडे अटाल्याच्या भावात आणायचे, त्यांतून वस्तू करायच्या आणि सणासुदीला विकायच्या.

लहान वर्कशॉपमधली यंत्रं बसवून देणं हा माझा धंदा, त्यामुळे हे यंत्रही मीच बसवलं. पुढे जे घडलं त्यात माझाही वाटा आहे, तो त्या त्या जागी येईलच.

पहिला निर्णय: कोणतं यंत्र

दोन यंत्रं समोर होती. एक निळ्या डायोडचं, १० वॉटचं: हलकं, टेबलावर मावणारं, पाण्याची भानगड नाही. दुसरं कार्बन डायऑक्साइडच्या काचेच्या नळीचं, ४० वॉटचं: जड, वर पाण्याने थंड ठेवावं लागणारं, आणि नळीला हजारो व्होल्ट लागणारं.

निवड तुकड्यांनीच केली. साइनबोर्डवाल्यांकडे सगळ्यात जास्त उरतं ते ॲक्रिलिक, आणि त्यातलं बरंच पारदर्शक. डायोडचा निळा किरण साधारण ४५० नॅनोमीटरचा असतो. काचेतून ऊन जावं तसा तो पारदर्शक ॲक्रिलिकमधून निघून जातो, तुकडा कापलाच जात नाही. नळीतला किरण १०.६ मायक्रॉनचा. तो ॲक्रिलिक पुरता शोषून घेतं, म्हणून कड काचेसारखी चकचकीत निघते. प्लाय दोन्हींवर कापलं जातं. अण्णांनी नळीचं यंत्र घेतलं. तेव्हा मलाही ते बरोबर वाटलं, आजही वाटतं. वहिनींचं मत वेगळं आहे, ते शेवटी येईल.

बसवताना माझे दोन दिवस खर्च झाले ते अर्थिंगवर. घर जुनं, प्लगला तिसरं भोक होतं पण त्याच्या मागे काहीच नव्हतं. असल्या यंत्राला अर्थिंग नसेल तर पत्र्याला लावलेला हात शेवटचा ठरू शकतो. मागच्या अंगणात खड्डा खणला, कोळसा-मीठ भरलं, पट्टी टाकली. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात कोरडी पडून भेगाळते आणि मग अर्थिंग ढिलं पडतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये त्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी घालायचं काम काकूंकडे आलं. त्या तुळशीला पाणी घालून झालं की खड्ड्यालाही घालतात.

नळी थंड ठेवायला २० लिटरची बादली आणि पंप. पाणी इन्व्हर्टरमध्ये घालतात ते डिस्टिल्ड. उन्हाळ्यात बादलीत बर्फाच्या बाटल्या सोडायच्या आणि पाणी २५ अंशांच्या वर गेलं की काम बंद. धुरासाठी यंत्रासोबत आलेला पंखा खेळण्यातला वाटावा असा होता. तो काढून सहा इंची नळाचा पंखा लावला आणि नळ गच्चीवरच्या खोलीच्या खिडकीतून बाहेर काढला.

निघताना मी कानावर घातलं, "अण्णा, लाकूड, ॲक्रिलिक, पुठ्ठा, कापड, सगळं चालेल. फक्त पीव्हीसी नको." अण्णांनी मान डोलावली आणि वहीत लिहूनही घेतलं. ती वही मी पुढे पाहिली. पहिल्या पानावर अधोरेखित अक्षरांत होतं: "पीव्हीसी (पाइप) कापू नये."

पहिले सहा महिने

गणपतीपासून सुरुवात झाली. सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२पासून देशभर बंदी आली, त्यामुळे घडीच्या मखरांना मागणी आहे. २०२४चे गणपती ७ सप्टेंबरला होते. प्लायच्या पट्ट्या फर्निचरवाल्याकडून किलोवर आणल्या आणि नऊ मखरं केली. त्यातली दोन बसलीच नाहीत. एकात खाचा इतक्या ढिल्या की कमान पुढे झुकायची, दुसऱ्यात इतक्या घट्ट की हातोडी मारताना प्लायचे पापुद्रे सुटले.

कारण गमतीचं होतं. दुकानदार सगळ्या पट्ट्यांना "एक सूत" म्हणतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीन मिलिमीटरहून थोडं जास्त. पण अण्णांनी व्हर्निअर लावल्यावर तीच एक सूत कुठे २.७ भरली तर कुठे ३.४. नव्या शीटमध्ये निदान एक शीट तरी एकसारखं असतं. इथे दहा पट्ट्या दहा घरच्या. त्यात लेझर स्वतः दीड-दोन दशांश मिलिमीटर खातो.

अण्णांमधला फिटर जागा झाला. एका पट्टीत २.६पासून ३.४पर्यंत एकेका दशांशाने वाढत जाणाऱ्या नऊ खाचा कापून त्यांनी एक फणी केली. नवा तुकडा आला की फणीत घालून बघायचा. जिथे अंगठ्याच्या जोराने बसेल आणि उलटा धरल्यावर पडणार नाही, तो आकडा तुकड्यावर पेन्सिलने लिहायचा. एका मखराचे सगळे भाग एकाच आकड्याच्या तुकड्यांतून. व्हर्निअर का नाही, असं विचारलं तर म्हणाले, "व्हर्निअर जाडी सांगतो. फणी सांगते बसेल की नाही."

दिवाळीत वहिनींनी देवनागरी नावांच्या पाट्या काढल्या आणि लहान तुकड्यांना खरा उपयोग सापडला. इंग्रजी नावाची अक्षरं सुटी पडतात. मराठी नाव शिरोरेषेला लटकलेलं असतं, त्यामुळे हाताच्या पंजाएवढ्या तुकड्यात अख्खं आडनाव एकसंध निघतं. घोटाळा अनुस्वाराचा; तो सुटा पडतो आणि गच्चीवरच्या फटीत जातो. त्यावर वहिनींनी अनुस्वाराला शिरोरेषेशी जोडणारा केसासारखा दांडा द्यायला सुरुवात केली. रांगोळीच्या छापात याच्या उलट, ब आणि व यांच्या पोटातला तुकडाच गळून पडतो, तिथे आत पूल ठेवावे लागतात. चुका व्हायच्या, पण स्वस्तातल्या, आणि प्रत्येक चूक तुकड्याच्या अंगावर दिसायची.

अडचण

नोव्हेंबरच्या शेवटी एका महिला मंडळाने संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी १२० वाणं मागितली. चार इंची पांढरी गोल तबकडी, तिच्यावर रंगीत ॲक्रिलिकच्या आठ पाकळ्यांचं कमळ, मधे कुंकवाचा करंडा बसेल असा दीड मिलिमीटर खोल खळगा. नगाला ६५ रुपये, म्हणजे एकूण ७,८००. त्यातले ३,००० आगाऊ.

पाकळ्यांचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक कमळ वेगळ्या रंगाचं हीच त्याची शोभा, आणि रंगीत ॲक्रिलिकचे बोटभर तुकडे पडून होते. प्रश्न तबकडीचा. एकसारख्या पांढऱ्या रंगाच्या १२० तबकड्या तुकड्यांतून निघणार कशा? अण्णा ओळखीच्या साइनबोर्डवाल्याकडे गेले. त्याने एक गोणी दाखवली: पांढरीशुभ्र, तीन मिलिमीटर, मोठमोठे तुकडे, नऊ किलो, किलोला ३० रुपये. "ये ॲक्रिलिक जैसा ही है अण्णाजी, बल्कि हल्का है."

"जैसा ही" हे दोन शब्द तिथेच ऐकायला हवे होते. पांढरं ॲक्रिलिक तीन मिलिमीटरचं असलं तरी हातात वजन देतं आणि नखाने दबत नाही. हे पुठ्ठ्यासारखं हलकं होतं. आपण सगळेच त्याला सनबोर्ड म्हणतो. दुकानाच्या पाट्या, प्रदर्शनांचे फलक, शाळेतल्या प्रकल्पांची मॉडेलं त्याचीच असतात.

सनबोर्ड या नावाखाली जे मिळतं त्यातलं पुष्कळसं फुगवलेलं पीव्हीसी असतं.

खळगा कोरायला एका तबकडीला सात-आठ मिनिटं लागत. कापणं अर्ध्या मिनिटाचं काम, पण कोरताना लेझर पृष्ठभागाची ओळ न् ओळ जाळून वाफ करतो. सहा रात्रींत ७४ तबकड्या झाल्या. वहीतल्या नोंदी मी जशाच्या तशा देतो, कारण सगळं प्रकरण त्यांत आहे. पहिली रात्र: "कड पिवळसर-तपकिरी येते, स्पीड वाढवून पाहिला." दुसरी: "वास उग्र, नाकात मिरची गेल्यासारखा. पंखा पूर्ण वेगावर." चौथी: "काप आरपार जात नाही. करंट १२ वरून १५ केला." सहावी: "करंट १७. तरी तेच. नळी संपली असावी."

ॲक्रिलिक कापताना फळासारखा गोडसर वास येतो आणि कड स्वच्छ राहते. सहा महिने तो वास घेतलेल्या माणसाने वेगळा वास ओळखला, लिहूनही ठेवला. फक्त त्याचा दोष मालाला न देता पंख्याला, वेगाला आणि नळीला दिला. अण्णा आयुष्यभर यंत्राशी झगडलेले. काहीही बिघडलं की ते आधी यंत्राकडे बघणार.

त्या आठवड्यात त्यांचा घसाही बसला होता. डॉक्टरांनी थंडीचा खोकला म्हणून औषध दिलं. गच्चीवर काय कापतात हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसरा निर्णय: नळी बदलायची की थांबायचं

एका दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केलं, नळी गेली, नवी मागवा. करंट वाढवूनही काप जात नाही म्हटल्यावर ते पटण्यासारखं होतं. अण्णा आगाऊ पैसे पाठवणार होते. वहिनी म्हणाल्या, "अण्णा, एकदा भाऊजींना दाखवू या, मग पाठवा." त्या एका वाक्याने नळीचे पैसे वाचले.

मी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो. खोलीत शिरताना खिडकीच्या कडीला हात लागला आणि बोटांना तांबूस पूड लागली. खिडकीच्या गजांवर, नळाच्या तोंडाशी, ताज्या गंजाचा एक हातभर पट्टा होता; बाकीचे गज स्वच्छ. यंत्राचं झाकण उघडलं तर ज्या दांड्यावरून डोकं सरकतं त्यावरही तीच पिवळट पूड, आणि बेअरिंग फिरताना खरखर. भिंग बाहेर काढलं तर त्यावर दुधाळ साय आलेली. नळी ठणठणीत होती. किरण निघत होता, पण सायीतून पुढे जात नव्हता, आणि करंट वाढवल्याने भिंग आणखी तापत होतं.

"काय कापलंत?"

"ॲक्रिलिकच की," अण्णा म्हणाले. वहिनींनी गोणीतला तुकडा आणून दिला. हातात घेताच कळलं, पण नुसतं सांगून अण्णा ऐकणारे नाहीत.

स्वयंपाकघरात गेलो. तांब्याच्या तारेचं टोक गॅसवर तापवलं, ज्वालेला कसलाही रंग उरणार नाही इतकं. मग तेच तापलेलं टोक तुकड्याला टेकवलं, किंचितसं चिकटलं, आणि पुन्हा ज्वालेत धरलं. ज्वाला हिरवीगार झाली, दिवाळीतल्या अनारसारखी. नंतर अण्णांच्या जुन्या लाल ॲक्रिलिकचा तुकडा तसाच करून दाखवला: पिवळी ज्वाला, हिरवं काही नाही. हिरवा रंग म्हणजे मालात क्लोरीनसारखं द्रव्य आहे. ही चाचणी शंभर वर्षांहून जुनी आहे. करायची तर राईएवढ्या तुकड्यावर आणि खिडकी उघडी ठेवून.

शुद्ध पीव्हीसीच्या वजनाचा सुमारे ५७ टक्के भाग क्लोरीनचा असतो. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि हवेतल्या ओलाव्याशी मिळून हायड्रोक्लोरिक आम्ल होतो. संडास धुवायला जे ॲसिड आणतात ते हेच. सहा रात्री ते दांड्यावर, भिंगावर, गजांवर आणि अण्णांच्या घशात बसत होतं.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे हे सगळं त्या पाइपवाल्या पीव्हीसीनं केलं?" तेव्हा मला माझी चूक कळली. मी जूनमध्ये रसायनाचं नाव सांगितलं होतं. त्यांनी ते बाजारातलं नाव म्हणून ऐकलं. बाजारात पीव्हीसी म्हणजे पाइप. सनबोर्ड, रेक्झीन, फ्लेक्स, विनाइलचा स्टिकर, यातलं एकही पीव्हीसी या नावाने विकलं जात नाही.

तिसरा निर्णय: उरलेल्या ४६ तबकड्या

हातात तीन आठवडे होते. यंत्र उघडं पडलेलं. आणखी ४६ तबकड्या हव्यात. चौघं ओट्याभोवती उभे राहून बोललो.

अण्णांचं म्हणणं: माल पडलाच आहे, यंत्र तसंही बिघडलंय, तोंडाला ओला रुमाल बांधून उघड्या गच्चीवर ४६ उरकू, मग एकदाच दुरुस्त करू. हिशेबाने ते चुकीचं नव्हतं. पण नळाचं तोंड शेजारच्या घराच्या वाळवणाकडे होतं, आणि ओल्या रुमालाने हा वायू पुरेसा अडत नाही. मी नाही म्हटलं.

नवं पांढरं ॲक्रिलिक विकत आणायचं तर नगामागचा नफा संपत होता. एमडीएफचे (लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेल्या बोर्डाचे) तुकडे रंगवून घ्यायचे तर आधीच्या ७४शी जुळले नसते, आणि त्यासाठीही यंत्र दुरुस्त व्हायला हवंच होतं. ऑर्डर परत करायची तर आगाऊ पैसे पाकळ्यांच्या कामात गेलेले.

वाट काकूंनी काढली, आणि तीही वैतागून. "हे तर शाळेच्या मुलांनी ब्लेडनं कापायचं असतं. त्याला यंत्र कशाला?" खरंच होतं. सनबोर्ड पेपर कटरने दोन-तीन फटक्यांत सुटतो, ना धूर ना वास. अडचण एवढीच की कटरने गोल नीट येत नाही. वहिनींनी पाकळ्या मोजल्या. कमळ आठ पाकळ्यांचं, मग तबकडी अष्टकोनी. पोलादी पट्टी लावून आठ सरळ काप. खळगा हाताने कोरणं शक्य नव्हतं, म्हणून पाकळ्यांच्या वर करंड्याभोवती ॲक्रिलिकचं एक बारीक कडं चिकटवायचं ठरलं. ते लेझरचं काम, पण शुद्ध ॲक्रिलिकचं.

मंडळाला सांगायचं की नाही यावर बरीच घासाघीस झाली. अण्णांचं मत, वाण फुकट मिळतं, कोण आकार बघतंय. वहिनींनी फोन केला आणि सरळ सांगितलं की ७४ गोल आहेत, ४६ अष्टकोनी होतील, कारण आमचा माल चुकला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "गोल कुणाला आणि अष्टकोनी कुणाला द्यायचं? भांडणं होतील हो." शेवटी अष्टकोनी सगळी एकाच वस्तीतल्या सभासदांना द्यायची आणि त्यांवर नगामागे दहा रुपये कमी, यावर मिटलं.

काय केलं

यंत्र पूर्ण सोडवलं. भिंग नवीन, दोन आरसे नवीन, सरकत्या डोक्याची बेअरिंग नवीन. दांडे बारीक पॉलिश पेपरने घासून तेल दिलं, नळ आतून धुतला. असं भिंग झिंक सेलेनाइडचं असतं. तडकलं तर त्याची पूड विषारी, म्हणून जुनं हातमोज्याने उचलून पिशवीत बांधून वेगळं ठेवलं. सगळं मिळून ६,९०० रुपये. मजुरी मी लावली नाही, कारण वर सांगितलंच आहे.

गोल तबकड्या ओल्या फडक्याने पुसून दोन दिवस उन्हात ठेवल्या, वास गेला. अष्टकोन काकू आणि अण्णांनी कापले. पहिले दहा वाकडे आले, मग अण्णांनी पट्टीला खालून पॉलिश पेपर चिकटवला आणि ती घसरायची थांबली. कडं चिकटवताना झटपट चिकटणाऱ्या गोंदाची पांढुरकी वाफ लाल ॲक्रिलिकवर बसली, तिथे गोंद टाचणीच्या टोकाने लावायला शिकावं लागलं. ११ जानेवारीला माल पोचला.

मग वही. पहिल्या पानावरची ओळ अण्णांनी खोडली आणि भिंतीवर एक मोठा पुठ्ठा लावला. त्यावर एकही रसायनाचं नाव नाही. "नाही" खाली: सनबोर्ड, रेक्झीन, फ्लेक्स, स्टिकर शीट, शेडचं पॉलीकार्बोनेट (जळून काळं होतं), थर्मोकोल (पेट घेतं), साइनबोर्डचा पत्रा लावलेला पॅनेल. "जपून" खाली: एमडीएफ, कारण त्याच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड येतं, मास्क आणि पंखा दोन्ही; जुन्या फर्निचरचं प्लाय, आधी लोहचुंबक फिरवून खिळे-पिना काढणे; वॉटरप्रूफ प्लाय, गोंद काळा आणि चिवट, काप अर्धवट राहतो; सनमायका, वर मास्किंग टेप लावून. "चालेल" खाली फारसं नाही. सगळ्यात खाली, वहिनींच्या अक्षरात: "नाव माहीत नाही = तार."

आणि यंत्र चालू असताना खोली सोडायची नाही, हा नियम आधीपासून होताच. आता शेजारी पाण्याची फवारणीची बाटली आणि आग विझवायचं छोटं सिलिंडर आलं.

निष्पत्ती

पैशात पाहिलं तर ऑर्डरचे ७,३४० आले, दुरुस्तीला ६,९०० आणि गोणीला २७० गेले. हातात १७० रुपये, त्यात वीज, गोंद आणि चार माणसांचे तीन आठवडे. अण्णांचा घसा फेब्रुवारीत सुटला.

२०२५च्या गणपतीला, २७ ऑगस्टला, सोळा मखरं गेली आणि एकही परत आलं नाही. फणीचं श्रेय जास्त, लेझरचं कमी. त्या वर्षी त्यांनी एक बदल केला तो मला फार शहाणपणाचा वाटतो: आधी नमुना काढून मग तुकडे शोधणं बंद केलं. आधी तुकडे जमिनीवर मांडतात, जाडी आणि रंग बघतात, मग वहिनी नमुना काढतात. एकसारख्या शंभर वस्तूंची ऑर्डर आली तर सरळ नव्या शीटचा भाव सांगतात. कटकट अशी की गिऱ्हाइकाला फोटोतलीच वस्तू हवी असते, आणि तुकड्यांतून फोटोतली वस्तू पुन्हा निघत नाही.

तुकड्यांचेही तुकडे उरतातच. कापून उरलेली जाळी, सुटे अनुस्वार, ब च्या पोटातले ठिपके. कचऱ्याची गाडी आली की तिच्यावरचा मुलगा अजून विचारतो, "अण्णाजी, ये सूखे में या प्लास्टिक में?" आणि दोघं मिळून वर्गवारी करतात. २०१७पासून स्वच्छतेत पहिला नंबर लावणाऱ्या गावात हे चालायचंच.

पुन्हा करायचं झालं तर

माझ्यापुरतं: यंत्र बसवतानाच साइनबोर्डवाल्याकडे जाऊन त्याच्या अटाल्यातला एकेक तुकडा अण्णांच्या हातात द्यायला हवा होता, हा चालेल, हा नाही. अर्थिंगवर दोन दिवस घातले आणि मालावर एक वाक्य.

वहीचंही काहीतरी चुकलं. अण्णांनी वेग आणि करंट रोज लिहिला, पण कोणती गोणी, कुणाकडची, हे लिहायला रकानाच नव्हता. असता तर पहिल्या रात्रीचा तपकिरी काप आणि नवी गोणी एकाच ओळीत दिसले असते. आता तो रकाना पहिला आहे. दुसऱ्या रात्रीची "नाकात मिरची" ही नोंद तर थांबायलाच पुरेशी होती. असा वास आला तर पंखा वाढवण्याआधी बटण बंद करायला हवं होतं.

वहिनी म्हणतात, डायोडचंच यंत्र घ्यायला हवं होतं. पारदर्शक ॲक्रिलिक सुटलं असतं, पण पाणी, अर्थिंग आणि बर्फाच्या बाटल्या वाचल्या असत्या. मी सांगितलं की सनबोर्ड डायोडनेही जळतो आणि वायू तोच निघतो. त्या म्हणाल्या, "हो, पण कमी खर्चात गंजलं असतं." यावर आमचं अजून एकमत नाही.

परवा गेलो तेव्हा जिन्याखाली नवी गोणी होती. दुसऱ्या एका साइनबोर्डवाल्याने पाठवलेली, सगळं ॲक्रिलिक आहे असं सांगून. अण्णांनी तांब्याच्या तारेला प्लायच्या तुकड्याची मूठ बसवली आहे, तिच्यावर लेझरने "तार" असं कोरलेलंही आहे. ती घेऊन ते गॅसपाशी गेले. काकूंनी वळूनही पाहिलं नाही.

"चहा ठेवलाय. उतरू दे, मग धरा तुमची तार."